खेकडी अंड्यावर येते, पिल्लं मात्र दिसत नाहीत: खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये चूक कुठे शोधायची

एमराल्ड या छोट्या हिरव्या समुद्री खेकडीच्या पोटाखाली नारिंगी गाभोळी (अंड्यांचा पुंजका) दिसते. दोनेक आठवडे ती गाभोळी जिवापाड सांभाळते. मग एका सकाळी दिवा लावावा तर पोट रिकामं आणि अख्ख्या टँकमध्ये एकही पिल्लू नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा गाभोळी, पुन्हा रिकामं पोट. नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या घरी २०० लिटरच्या टँकमध्ये हे सात वेळा घडलं. आठव्या वेळी अकरा छोटे खेकडे हाती लागले. मधल्या दीड वर्षात जे समजलं ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं आणि फोनवर निम्मंच सांगून होतं.

‘पिल्लं मेली’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. अंडी गळून पडली, की फुटून लार्वा (अंड्यातून निघणारी बालरूपं) बाहेर आले आणि पंपात गेले, की वेगळे काढूनही उपाशी मेले, की पाण्यातच काही होतं? चारही गोष्टींचा शेवट दिसायला सारखा, उपाय मात्र चार वेगळे. मी पहिले काही महिने नुसतं खाणं बदलत बसलो. तेव्हा माझ्याकडे खाण्याचा प्रश्नच नव्हता, लार्वा खाण्यापर्यंत पोचतच नव्हते.

टँकमध्ये जन्मतं ते खेकड्यासारखं दिसत नाही

माझ्या आईचं माहेर घोटीकडचं. पहिल्या पावसानंतर भातखाचरांच्या बांधावर निघणारे खेकडे ती लहानपणापासून बघत आलेली. टँकमधली गाभोळी बघून ती म्हणाली, “आता बघ, पोटाखाली बारकी बारकी पिल्लं धरून बसेल ती.” गोड्या पाण्यातल्या खेकडीबद्दल हे अगदी खरं आहे. आपल्या सह्याद्रीतल्या त्या खेकड्या थोडीच पण मोठी अंडी घालतात, अंड्यातून थेट चिमुकला खेकडा निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. म्हणून इगतपुरी-त्र्यंबककडची माणसं टँकमध्येही तेच शोधतात.

समुद्रातल्या खेकड्यांची वाट निराळी. अंडी शेकड्यांनी-हजारांनी आणि खसखशीएवढी. त्यातून निघतो तो झोइया: मिलिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक जीव, मोठे काळे डोळे, कपाळावर आणि पाठीवर काटा, मागे शेपटी. तो पाण्यात तरंगतो, तळावर चालत नाही. हा जीव खेकड्यापासून इतका वेगळा दिसतो की १८०२ मध्ये बॉस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याला स्वतंत्र प्राणी समजून ‘झोइया’ हे नाव दिलं. हे खेकड्याचंच बालरूप आहे असं जॉन व्हॉन थॉम्पसन या निसर्गशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये मांडलं, तेव्हाही बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. झोइया काही वेळा कात टाकतो आणि मग त्याचा मेगालोपा होतो. मेगालोपाला नांग्या असतात आणि शेपटीही असते. त्यानंतरची कात टाकली की खरा छोटा खेकडा. एमराल्डमध्ये झोइयाच्या दोनच अवस्था असतात, म्हणून घरी जमण्यासारखी ही जात आहे. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या काळ्या चिंबोरीच्या झोइयाच्या पाच अवस्था असतात, तिच्या वाटेला घरच्या टँकमध्ये जाऊ नये.

यातून एक गोष्ट सरळ निघते. लाइव्ह रॉकच्या (टँकमध्ये ठेवलेल्या, जिवंत जीव असलेल्या समुद्री दगडाच्या) फटीतून एक दिवस अचानक छोटा खेकडा डोकावला, तर तो बहुधा तुमच्या खेकडीचं पिल्लू नसतो, दगडाबरोबर आलेला पाहुणा असतो. आणि रात्री काचेवर तुरुतुरु पळणारे पांढरे ठिपके हे अँफिपॉड किंवा कोपेपॉड, म्हणजे वेगळेच बारके कवचधारी जीव असतात. त्यांचे फोटो ‘पिल्लं झाली!’ म्हणून मला बऱ्याचदा येतात.

आधी रंग बघा, रोज

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे गाभोळीचा रोज एक फोटो, त्याच वेळी, त्याच टॉर्चच्या उजेडात. ताजी अंडी नारिंगी-लाल असतात, तो रंग आतल्या बलकाचा. गर्भ वाढतो तसा बलक संपत जातो, रंग फिका होतो, करडा-तपकिरी दिसू लागतो. मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला की प्रत्येक अंड्यात काळे ठिपके दिसतात. ते डोळे. डोळे दिसले की अंडी फुटायला फार दिवस उरलेले नसतात.

गाभोळी नारिंगी असतानाच गेली, तर ती गळली किंवा खेकडीनेच खाल्ली. डोळे दिसल्यानंतर गेली, तर ती फुटली आणि लार्वा रात्रीतून कुठेतरी गेले. माझ्या सात वेळांपैकी दोनदा अंडी गळली होती, पाचदा फुटली होती. हे फोटो चाळल्यावरच कळलं. त्याआधी मी सातही वेळांना एकच नाव देत होतो.

नारिंगी असताना अंडी जात असतील तर लार्वांची काळजी तूर्त सोडा, आईकडे बघा. अंडी फलित नसतील तर ती थोड्या दिवसांत सोडून देते. टँकमध्ये नर नाही म्हणून अंडी फुकट असं मात्र समजू नका. अनेक जातींच्या खेकड्या नराचं बीज साठवून ठेवतात आणि पुढच्या खेपांनाही वापरतात. दुकानातून एकटी आणलेली खेकडीही म्हणून फलित अंडी घालू शकते. नर-मादी ओळखायला पोटाखालची दुमडलेली पट्टी बघा: मादीची रुंद आणि गोलसर, नराची अरुंद आणि टोकदार.

दुसरं कारण धक्का. माझ्याकडे एकदा जानेवारीत हीटर रात्री बंद पडला. नाशिकची थंडी ठाऊकच आहे, पारा दहाच्या खाली उतरतो. सकाळी टँक २६ अंशांवरून १९ वर आला होता आणि दोन दिवसांत गाभोळी गेली. दुसऱ्यांदा मी एकदम ४० टक्के पाणी बदललं आणि नव्या पाण्याची क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, नीट जुळवली नाही. खेकडी अंड्यावर असताना पाणी थोडं-थोडं बदला, क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ च्या आसपास स्थिर ठेवा आणि दगडांची मांडामांड पुढे ढकला. हीटर शक्य असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान लावा, म्हणजे एक बंद पडला तरी रात्र निभते.

फुटण्याची रात्र

अंडी बहुतेक वेळा अंधार पडल्यावर फुटतात. खेकडी दगडाच्या टोकावर चढते, पाय ताणून उंच होते आणि पोटाची पट्टी जोरात हलवते. पाण्यात धूर सुटावा तसे लार्वा निघतात. सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपू शकतो. वेव्हमेकर (लाटा करणारा पंप), रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत आणणारा), स्कीमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) चालू असतील तर सकाळपर्यंत काही उरत नाही. जे उरतात ते क्लाउनफिश आणि कोरल खातात.

डोळे दिसू लागले की मी रोज संध्याकाळी दिवे गेल्यावर पंप आणि स्कीमर बंद करून फक्त एक एअर पंप चालू ठेवतो आणि काचेच्या एका कोपऱ्याला टॉर्च टेकवून ठेवतो. झोइया उजेडाकडे धावतात, तासाभरात कोपऱ्यात ढग जमतो. तो ढग पेल्याने किंवा जाड नळीने पाण्यासकट उचलायचा. जाळी वापरू नका. त्यांचे काटे जाळीत अडकतात आणि मोडतात, एकदा जाळीतून काढलेला लार्वा दुसऱ्या दिवशी जगलेला मी पाहिलेला नाही. काम झालं की पंप आठवणीने सुरू करा, माशांना आणि दगडातल्या जिवाणूंना रात्रभर प्रवाह बंद राहिलेला सोसत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे खेकडीलाच आधी वेगळ्या छोट्या टँकमध्ये हलवणं. मला तो आवडत नाही. हलवताना ती घाबरते आणि अंडी सोडण्याची शक्यता वाढते. कोपऱ्यातला टॉर्च कष्टाचा आहे, पण तिला त्रास नाही.

बरणी, हवा, आर्टेमिया

लार्वांना चौकोनी भांडं चालत नाही, कोपऱ्यात साचून मरतात. मी लोणच्याची पाच लिटरची काचेची बरणी वापरतो, तळ गोलसर असलेली. एअरस्टोन (हवेच्या नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड) लावायचा नाही, त्याचे बारीक बुडबुडे लार्वांच्या कवचाखाली अडकतात आणि ते पृष्ठभागावर तरंगत राहतात. साधी कडक नळी तळापर्यंत सोडायची आणि सेकंदाला दोन-तीन मोठे बुडबुडे येतील इतकीच हवा. बरणीच्या बाजूंना काळा कागद, उजेड फक्त वरून. बाजूने उजेड आला की सगळे एका भिंतीला चिकटून बसतात.

पाणी सुरुवातीला मुख्य टँकचंच घ्या आणि रोज निम्मं बदला. तळाशी बसलेले मेलेले लार्वा आणि उरलेलं खाणं ड्रॉपरने रोज काढायचं, पाच लिटरमध्ये अमोनिया चढायला एक दिवस पुरतो.

आता खाणं. एमराल्डच्या झोइयाला नुकता फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारका कोळंबीसारखा जीव, याची सुकी अंडी विकत मिळतात) खाता येतो, पहिल्या दिवशी जोडीला रोटिफर (त्याहून बारके पाण्यातले जीव) मिळाले तर उत्तम. वेळ मात्र चुकवायची नाही. लार्वा अगदी पहिल्या दिवसापासून खातात आणि फार काळ उपाशी राहिले तर नंतर कितीही दिलं तरी सावरत नाहीत. ‘दोन दिवस छान पोहत होते, तिसऱ्या दिवशी सगळे गेले’ ही तक्रार जवळजवळ नेहमी उपासमारीची असते.

आणि इथे नाशिकची थंडी पुन्हा आडवी येते. आर्टेमियाची अंडी २६ ते २८ अंशांना साधारण २४ तासांत फुटतात. जानेवारीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेली माझी बाटली १८ अंशांवर होती. २४ तासांनी बघतो तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आर्टेमिया, आणि बरणीत चारशे-पाचशे उपाशी लार्वा. आता ती बाटली मी संपच्या (टँकखालच्या फिल्टर-टाकीच्या) पाण्यात तरंगत ठेवतो, हीटरच्या ऊबेत. गाभोळीत डोळे दिसले की त्याच दिवशी पहिली बाटली लावतो आणि मग रोज एक, लार्वा निघोत न निघोत. वाया गेलेला आर्टेमिया मासे खातात. फुटून सहा-आठ तास झालेल्या आर्टेमियातला बलक संपत आलेला असतो आणि त्याचं पोषणमूल्य उतरतं, म्हणून काल फुटलेला आज वाढायचा नाही.

सगळं बरोबर असूनही मरतात तेव्हा

माझ्या सहाव्या आणि सातव्या वेळी हे घडलं. एप्रिल-मे महिना. टॉर्च, बरणी, आर्टेमिया सगळं जागच्या जागी. तरी रात्री काढलेले लार्वा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळाला. उपासमार असती तर दोन-तीन दिवस लागले असते. अमोनिया शून्य, पीएच ८.२, क्षारता ठीक. मोठे खेकडे आणि मासे ठणठणीत.

पाणी तपासायची एक युक्ती आहे, ती मी आठव्या वेळी करून पाहिली आणि तिच्यावर माझा आता कुठल्याही किटपेक्षा जास्त भरवसा आहे. लार्वांचे दोन भाग करा. एक भाग टँकच्या पाण्यात. दुसरा भाग आदल्या दिवशी बनवून हवा लावून ठेवलेल्या नव्या खाऱ्या पाण्यात, आणि हे पाणी वेगळ्या ठिकाणच्या गोड्या पाण्यातून बनवलेलं हवं. मी पाथर्डी फाट्याच्या एका मित्राकडून २० लिटर आरओ-डीआय (क्षार आणि धातू जवळजवळ पूर्ण काढलेलं) पाणी आणलं. तापमान आणि क्षारता दोन्ही बरण्यांत सारखी, आर्टेमिया एकाच बाटलीतला. दुसऱ्या संध्याकाळी टँकच्या पाण्यातले जवळजवळ सगळे गेले होते. नव्या पाण्यातले पोहत होते, त्यांच्या पोटात आर्टेमियाची नारिंगी रेघ दिसत होती.

म्हणजे दोष माझ्या पाण्यात होता. मग उलट शोधत गेलो. दिवाळीत स्वयंपाकघरात नवा वॉटर प्युरिफायर बसवला होता, आणि त्यात पाण्याला ‘तांब्याचे गुण’ देणारी नळी होती. टँकचा टॉप-अप, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याची भर, मी त्याच पाण्याने करत होतो. मी बाहेरगावी गेलो की आई तिच्या देवघराजवळच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी घालायची, कारण तिच्या लेखी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तेच. माणसासाठी त्यात काही गैर नाही. पण आकडे शेजारी ठेवून बघा: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माशांवरचे परजीवी मारायला जे तांब्याचं औषध देतात, त्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि तेवढ्यात टँकमधले कवचधारी जीव मरतात. आपल्याला प्यायला योग्य असलेलं पाणी खेकड्याच्या लार्वाला विष ठरू शकतं.

यात एक नवल आहे. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोसायनिन असतं आणि त्यात तांबंच असतं. त्याला तांबं लागतं, पण अत्यल्प. मोठा खेकडा थोडं जास्तीचं निभावून नेतो, लार्वाला ते झेपत नाही. म्हणून आई धडधाकट आणि पिल्लं मेलेली हे चित्र दिसलं की माझा पहिला संशय आता तांब्यावर जातो.

आणि उन्हाळ्यातच का? एप्रिलमध्ये पाणी ३० अंशांवर जाऊ लागलं म्हणून मी पृष्ठभागावर पंखा लावला होता. नाशिकची हवा तेव्हा कोरडी, पंख्याने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं, मी आजही तेच करतो. पण त्या काळात रोज चार लिटर पाणी उडत होतं. उडतं ते फक्त पाणी, त्यातलं तांबं टँकमध्येच राहतं. महिन्याला १२० लिटर टॉप-अप, म्हणजे १२० लिटर पाण्यातलं सगळं तांबं २०० लिटरच्या टँकमध्ये जमा. हिवाळ्यात दिवसाला लिटरभरच लागायचं, तेव्हा लार्वा निदान दोन दिवस तरी तगत होते.

उपाय करताना आधी पाण्याचा स्रोत बदला, बाकीचं नंतर. टॉप-अप आणि मीठ मिसळणं दोन्ही आरओ-डीआय पाण्याने करा. घरगुती प्युरिफायर वापरायचाच असेल तर तांब्याची आणि खनिजांची नळी लागण्याआधीचं पाणी काढून घेता येतं का ते मेकॅनिककडून बघून घ्या. टॉप-अपच्या लाइनवर पितळी तोटी असेल तर प्लॅस्टिकची बसवा, पितळेतही तांबं असतं. जुन्या तांब्यासाठी मी आठवड्याला एक-चतुर्थांश पाणी असं दोन महिने बदललं आणि तांबं शोषणारं रेझिन संपमध्ये ठेवलं. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, त्यामुळे एका मोठ्या पाणीबदलाने हे संपत नाही. ज्या टँकमध्ये पूर्वी कधी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलं असेल, तिथले दगड लार्वांच्या आसपास नकोतच.

डासांचं औषध

हे थोडक्यात सांगतो, पण हलकं घेऊ नका. डासांच्या कॉइलमध्ये, लिक्विडमध्ये आणि स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात आणि खेकडे-कोळंबी यांना ती अतिशय घातक असतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट बरणीत सोडतो. पावसाळ्यात गल्लीत धूर फवारणी होते तेव्हा मी खिडक्या लावतो आणि पंपाचा हवा घेणारा भाग दुसऱ्या खोलीत ठेवतो. पिंपळगाव-ओझर भागात द्राक्षबागेला लागून घर असलेल्यांनी फवारणीच्या दिवशी हीच काळजी घ्यावी, आणि बागेतून येऊन हात न धुता टँकमध्ये घालू नये.

मेगालोपा झाल्यावर

आठवडाभरात काही लार्वा वेगळे दिसू लागतात: नांग्या आलेल्या, पोहणं कमी, कडेला धरून बसणं जास्त. इथे नवी अडचण सुरू होते, ते एकमेकांना खातात. बरणीत किटोमॉर्फा या दोऱ्यासारख्या शेवाळाचा गुंता आणि स्वच्छ प्लॅस्टिकच्या जाळीचे तुकडे टाकले की प्रत्येकाला दडायला जागा मिळते. त्यासाठी समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका, प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मोठे दिसणारे वेचून वेगळ्या पेल्यात ठेवले तर अजून थोडे वाचतात. मला हे उशिरा सुचलं. नव्या पाण्याच्या बरणीतले साठेक मेगालोपा एका रात्रीत निम्म्यावर आले होते.

शेवटी उरले ते अकरा, मसुरीच्या दाण्याएवढे. तीन माझ्या टँकमध्ये आहेत आणि दगडावरचं शेवाळ खरवडत असतात, बाकीचे ओळखीच्यांना द्यायचे ठरले. एमराल्ड ही कॅरिबियन समुद्रातली जात आहे, त्यामुळे जास्त झाले तरी ते आपल्या किनाऱ्यावर सोडायचे नाहीत. ज्यांना पिल्लं द्यायची त्यांना मी आधी एकच गोष्ट विचारली, टॉप-अपचं पाणी कुठून घेता. दोघांच्या घरी तोच तांब्याचा प्युरिफायर निघाला. त्यांची पिल्लं सध्या माझ्याकडेच आहेत, त्यांची आरओ-डीआयची सोय होईपर्यंत.